कळसूबाई: बारी गावातून वर आणि (गुडघे शाबूत ठेवून) खाली

ऑफिसातली एक मैत्रीण परवा म्हणाली, कळसूबाईला आता शिड्या लावल्यात ना, मग काय, सोप्पंच असेल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. मी स्वतः चारदा जाऊन आले, दोनदा ग्रुपबरोबर, एकदा भर पावसात (चूक झाली, पुढे सांगते) आणि गेल्या जानेवारीत आईला घेऊन. आईचं वय 58, गुडघे कुरकुरतात, पण देवीची ओटी भरायची तर वर जाऊनच भरायची हा हट्ट. ती वर पोचली, ओटी भरली आणि स्वतःच्या पायांनी खाली आली. म्हणून हे सगळं तिच्या स्पीडने लिहितेय, तुम्ही पंचविशीतले असाल आणि रोज पळत असाल तर वेळा आपापल्या कमी करून घ्या.

आधी शिड्यांचा विषय मिटवू. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, दुसऱ्या नंबरचा साल्हेर 1567 मीटर. बारी गाव मुळातच बऱ्यापैकी उंचावर आहे म्हणून पूर्ण 1646 चढावे लागत नाहीत, पण तरी साधारण 800-850 मीटर चढ उरतोच. मजल्यांच्या भाषेत सांगायचं तर पावणेतीनशे मजले, लिफ्ट बंद. शिड्या आहेत त्या फक्त कातळकड्यांच्या जागी, पूर्वी लोक जिथे साखळी धरून चढायचे तिथे. बाकी सगळा रस्ता पायऱ्या, दगड, माती आणि तुमचा दम.

गोष्ट माहीत करून मग निघा

कळसू ही कोळ्याची पोर, डोंगरात भटकायचं वेड असलेली. डोंगराखालच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, पण राहताना अट घातली की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करेन. काही दिवस बरं चाललं, मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला लावलीच. तिने घासली, आणि जी उठली ती थेट डोंगर चढून गेली, परत कधी खाली उतरली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि ती राहिली तो हा कळसूबाईचा डोंगर. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्येसुद्धा ही गोष्ट नोंदवलेली आहे. दुसरं एक सांगतात ते म्हणजे कळसूबाई, रत्नाबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी, रत्नाबाई रतनगडावर आणि कात्राबाई तिथेच शेजारच्या डोंगरावर, वरून तिघींचे डोंगर एकमेकींना दिसतात.

ही गोष्ट मी आईला लोकलमध्ये सांगितली तर ती एवढंच म्हणाली, "अट आधीच सांगितली होती ना तिनं? मग बरोबर केलं." एकत्र कुटुंबात तीस वर्षं काढलेली बाई आहे, मी पुढे काही बोलले नाही.

कधी जायचं

पहिल्यांदा जात असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, यात वाद नाही. त्यातही डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी चांगलीच असते, वर वारा त्याहून जास्त, पण आकाश स्वच्छ. फुलं बघायची असतील तर सप्टेंबरचा शेवट, पिवळी सोनकी आणि तेरडा यांनी उतार भरलेले असतात, पाऊसही ओसरत आलेला असतो.

पावसाळ्यात फोटो भारी येतात म्हणून सगळे जुलै-ऑगस्टमध्ये जातात. मी गेले तेव्हा वर दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं, वाऱ्याने सरळ उभं राहता येत नव्हतं, आणि शिडीच्या ओल्या पत्र्यावरून पुढच्या मुलाचा पाय सटकला, त्याचा बूट माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला. सगळ्यात वैताग म्हणजे गर्दी, 15 ऑगस्ट आणि पावसाळी शनिवार-रविवार शिड्यांवर अक्षरशः लाइन लागते, त्या गर्दीत भिजत उभं राहायचं, पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. विजा कडाडत असतील तर उघड्या शिखरावर लोखंडी शिडीला लटकण्यात काहीही शहाणपणा नाही, सरळ खाली फिरा.

उन्हाळ्यात जायचंच तर पहाटे चारला चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला काजवे बघायला लोक येतात, त्याला जोडून बरेच जण कळसूबाई करतात, पण रात्रभर काजवे आणि सकाळी डोंगर हे प्लॅनमध्ये जितकं छान दिसतं तितकं पायांना वाटत नाही.

नवरात्रात वर जत्रा असते. आजूबाजूच्या गावातल्या बायका अनवाणी चढून जातात, त्या दिवसांत ट्रेक म्हणून नाही तर दर्शनाला म्हणून जा, गर्दीची तयारी ठेवा. शांतपणे चढायचं असेल तर आठवड्यातला मधला वार बघा. आम्ही बुधवारी गेलो होतो, दुपारपर्यंत आख्ख्या वाटेवर तीसएक माणसं भेटली असतील.

बारीला पोचायचं कसं

गाव बारी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर). अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे, हे सांगावं लागतं कारण माझ्या एका भावाने मॅपवर तेच टाकलं होतं. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा लोकल पकडायची, कसाऱ्याहून शेअर जीप मिळतात, ग्रुप मोठा असेल तर थेट बारीपर्यंत जीप ठरवता येते आणि संध्याकाळी परत न्यायलाही तीच सांगून ठेवायची, हे महत्त्वाचं, कारण येताना दमलेल्या अवस्थेत रस्त्यावर हात दाखवत उभं राहणं फार वाईट. एकटे-दुकटे असाल तर कसारा किंवा इगतपुरीहून घोटी आणि घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी किंवा जीप, बारी त्याच रस्त्यावर लागतं. एसटीच्या वेळा डेपोला विचारूनच निघा.

स्वतःच्या गाडीने मुंबईहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून उजवीकडे. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झाल्यापासून गाडीवाले तिकडून इगतपुरी गाठतात, पण समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, बाइकवाल्यांनी जुना घाटच धरायचा. पुण्याहून नाशिक हायवेने संगमनेर, मग अकोले, राजूर, शेंडी आणि बारी. पुणेकरांनी आदल्या दिवशी येऊन मुक्काम केलेला बरा, नाहीतर पाच तास गाडी, आठ तास डोंगर आणि परत पाच तास गाडी, त्यातला शेवटचा पाच तासांचा भाग सगळ्यात धोक्याचा.

आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचून बारीतच एका घरी राहिलो. गावात बऱ्याच घरांत राहायची-जेवायची सोय होते, आधी फोन करून सांगितलं की तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा असं गरम जेवण मिळतं. (नाचणीला इकडे नागली म्हणतात.) सुट्टे पैसे ठेवा, पार्किंग, जेवण, वरचं सरबत सगळीकडे लागतात आणि रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

पिशवीत काय

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. वर विहीर आहे, वाटेत टपऱ्याही आहेत, पण मधल्या वारी टपऱ्या बंद असू शकतात आणि विहिरीच्या भरवशावर कुणी डोंगर चढत नाही. ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, खजूर, दोन चपात्या भाजीचा रोल करून. टोपी, पातळ विंडचीटर, टॉर्च (दिवसा निघालात तरी), क्रेप बँडेज, वेदनाशामक स्प्रे, रोजची औषधं. बॅग दोन्ही खांद्यांवर बसणारी हवी, एका खांद्याची झोळी शिडीवर पुढे येते आणि पायरी दिसत नाही. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

आता बुटांबद्दल, कारण यात मी फसलेय. नवे कोरे बूट घालू नका हे सगळ्यांना माहीत असतं, पण जुने पडून राहिलेलेही घालू नका हे कुणी सांगत नाही. माझे बूट चांगल्या कंपनीचे, जेमतेम पाच-सहा वेळा वापरलेले, पण दोन वर्षं माळ्यावर होते. दुसऱ्या शिडीच्या आधी डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला, मगरीने तोंड उघडावं तसा. पडून राहिलं की गोंद सुकतो आणि सोलचा मधला फोम भुगा होतो, बाहेरून काही दिसत नाही. आईच्या ओटीच्या सामानातली सुतळी मागून बूट बांधला, उरलेला सगळा डोंगर तसाच केला. तेव्हा निघायच्या आधी आठवडाभर तेच बूट घालून बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, सोल निघायचा असेल तर घरीच निघू दे. आणि पायाची नखं कापा, उतरताना कळेल का ते.

चढायला सुरुवात

आम्ही सकाळी 6:10 ला निघालो. गावातून बाहेर पडलं की शेतं, एक ओढा, आणि मग कळसूबाईचं पायथ्याचं देऊळ. ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथेच हात जोडतात, आणि मी खरंच सांगते, सोबत कुणी आजारी किंवा फार वयस्कर असेल तर त्यांना इथे दर्शन घडवा, देवी तीच आहे.

देवळापासून चढ सुरू. पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात फसवा, कारण अंगात जोर असतो, थंड असतं, आणि सगळे पळत सुटतात. आईला मी एकच नियम सांगितला होता, बोलताना धाप लागली तर स्पीड जास्त आहे. अर्धा तास चालायचं, पाच मिनिटं थांबायचं, थांबताना बसायचं नाही, बसलं की पाय गार पडतात आणि उठवत नाही. पाणी दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट बघायची नाही.

बारी डोंगराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य उगवला की ऊन थेट पाठीवर येतं. जानेवारीत छान वाटतं, एप्रिलमध्ये हेच ऊन मारून टाकेल. फायदा एवढाच की सूर्योदय बघायला शिखरावर पोचलंच पाहिजे असं काही नाही, वाटेतल्या कुठल्याही मोकळ्या जागेवरून दिसतो, म्हणून रात्री दोन वाजता अंधारात शिड्या चढायचा अट्टहास मला पटत नाही. तरी रात्रीच जायचं असेल तर सध्या रात्री सोडतात का ते गावात विचारा आणि गावातला माणूस सोबत घ्या.

वाट चुकायची भीती फारशी नाही, दिवसा तर नाहीच. पायऱ्या, मग दगडांची पायवाट, मग सपाटी, पुन्हा पायऱ्या असं चालू राहतं. दर सपाटीवर वाटतं आलंच शिखर, आणि तिथे पोचलं की पुढचा टप्पा उभा असतो. असं निदान तीन वेळा होणार, आधीच मनाची तयारी ठेवा.

एका टप्प्यावर आम्ही दम खात उभ्या होतो तर खालून एक बाई आली, डोक्यावर भला मोठा हंडा, हातात भज्यांच्या सामानाची पिशवी, पायात साधी चप्पल, चेहऱ्यावर घाम नाही. वरच्या टपरीवर रोज जाते म्हणाली. रोज. आईकडे बघून हसली आणि म्हणाली, "सावकाश या मावशी, देवी काय पळून चाललीय?" आणि आमच्या डोळ्यांदेखत वळणावर दिसेनाशी झाली. तासाभराने तिच्याच टपरीवर आम्ही लिंबूसरबत प्यायलो. तेव्हा वरच्या भज्यांना आणि सरबताला खालच्यापेक्षा चार पैसे जास्त लागतात म्हणून घासाघीस करू नका, तो हंडा वर कसा आला ते मी पाहिलंय.

शिड्या

तीन-चार टप्प्यांत आहेत, बाजूला धरायला रेलिंग आहे, जिन्यासारख्याच पण उभ्या. लोखंड पहाटे बर्फासारखं गार आणि दुपारी तव्यासारखं, हातमोजे असतील तर मजा. चढताना दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात, म्हणजे कायम तीन ठिकाणी पकड. पुढच्या माणसापासून चार-पाच पायऱ्यांचं अंतर. मोबाइल खिशात, चेन बंद. उंचीची भीती वाटत असेल तर खालीही नाही आणि वरही नाही, समोरच्या पायरीकडे बघायचं. आईने काय केलं तर प्रत्येक पायरीला मोठ्याने आकडा म्हणत गेली, मागची कॉलेजची पोरं पण म्हणायला लागली, आणि शिडी कधी संपली कळलंच नाही.

एक विनंती, शिडीवर थांबून फोटो काढू नका. मागे कुणीतरी थरथरत्या हातांनी उभं असतं.

शेवटच्या शिडीच्या आधी एक सपाटी लागते, तिथेच विहीर. हीच जागा पोटात दोन घास ढकलायची, वर वारा आणि माकडं जेवू देत नाहीत. विहिरीचं पाणी हातपाय धुवायला घ्या, प्यायचं तर गोळी टाकून किंवा फिल्टर करून.

वर

आम्ही 10:50 ला पोचलो, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. तयारीच्या माणसाला तीन तास पुरतात. माथा अगदी एवढासा, मधोमध छोटंसं देऊळ, आत जेमतेम दोन-तीन माणसं मावतात. चप्पल-बूट काढा, रांग लावा. आईने खण-नारळ वाहिला, तांदळाने ओटी भरली, आणि मग खणाचं प्लास्टिकचं वेष्टन घडी घालून परत माझ्या बॅगेत कोंबलं. ते मी मुद्दाम सांगतेय, कारण देवळामागे उतारावर बघाल तर बाटल्या, वेफर्सची पाकिटं, द्रोण-पत्रावळ्या. जी पोरगी दुसऱ्यांची उष्टी भांडी घासायला लागली म्हणून घर सोडून इथे येऊन राहिली तिच्या दाराशी आपण आपली उष्टी पानं टाकून येतो, काय म्हणावं. एक रिकामी पिशवी न्या, आपला कचरा खाली आणा, जमलं तर दुसऱ्याची एक बाटलीही.

हवा स्वच्छ असेल तर घाई न करता एकेक दिशा बघा. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा, त्यामागे रतनगड आणि कात्राबाईचा डोंगर, आणखी लांब हरिश्चंद्रगड. पश्चिमेला याच रांगेत अलंग, मदन, कुलंग, हे तीन किल्ले एकदा ओळखता आले की विसरत नाहीत. उत्तरेला त्र्यंबकची रांग, पूर्वेला औंढा-पट्टा. खूपच स्वच्छ दिवस असेल तर सप्तशृंगी-धोडपची रांगसुद्धा दिसते.

उतरणं, म्हणजे खरा ट्रेक

चढताना दम लागतो तो पाच मिनिटांत भरून येतो, उतरताना गुडघा गेला तर तो आठवडाभर जातो. दुपारी एकच्या आत उतरायला लागायचंच, वर पोचला असाल किंवा नसाल तरी. आमच्याबरोबर चढणारे एक काका शेवटच्या शिडीआधी परत फिरले, मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

शिड्या उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे, मागे पाऊल टाकत. पायऱ्यांवर सरळ धाडधाड उतरू नका, थोडं तिरकं व्हा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि पूर्ण पाऊल टेकवा. काठी असेल तर ती आधी खालच्या पायरीवर, मग पाय. सुटी माती आणि बारीक खडी असते तिथेच सगळे घसरतात, विशेषतः शेवटच्या अर्ध्या तासात, कारण तेव्हा लक्ष गावातल्या चहाकडे असतं. बुटाची लेस उतरायच्या आधी परत घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात (नखं कापा म्हणाले होते ना). दुपारनंतर ऊन डोंगरामागे जायला लागतं, हिवाळ्यात तर उतरताना बरीच वाट सावलीची मिळते, तेवढं सुख. आम्हाला तीन तास लागले. पाय मुरगळला किंवा चक्कर आली तर जवळच्या टपरीवर सांगा, गावातली पोरं पटकन येतात, आणि रेंज असेल तर 112.

अलीकडे काही जण इंदोरे गावाच्या बाजूनेही चढतात, गोष्टीतलं तेच इंदोरे. तिकडे गर्दी नाही, पण वाट अवघड आणि रानातली आहे, माहीतगार माणूस नसेल तर नको. एकदा बारीने करून मग तिकडे वळा.

खाली आल्यावर लगेच गाडीत कोंबून बसू नका. पंधरा मिनिटं पोटऱ्या ताणा, मीठ-साखर-पाणी घ्या, मग जेवा. रात्री गरम पाण्याने पाय शेका, दुसऱ्या दिवशी जिने उतरताना हसू येईल असं चालाल, तिसऱ्या दिवशी ठीक.

आई दुसऱ्या दिवशी ओट्याला टेकूनच स्वयंपाक करत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ती बहीण रतनगडावर राहते म्हणालीस ना, तिची ओटी कोण भरतं? तिथल्या शिड्या कशा आहेत ते मी बघितलंय, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही.